डॉक्टर झाले, पण घर कोणी चालवलं?

बी. जे. मेडिकलमधून बाहेर पडलेल्यांपैकी कोणी नट झालं, कोणी दिग्दर्शक, कोणी लेखक. 'डिग्री सोडली आणि मोठे झाले' एवढीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. पण त्या डिग्रीचं पुढे काय झालं? आणि त्यांच्या घराचं?

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या घरातली मोठी माणसं अचानक कॉलेजात परत जातात. व्हॉट्सअॅपवर बॅचचा ग्रुप जागा होतो, बाबा कपाटात ब्लेझर शोधतात आणि मावशी जुन्या ग्रुप फोटोत स्वतःला शोधते. मग एखाद्या हॉलमध्ये सगळे जमतात आणि एकमेकांना तेच तीन प्रश्न विचारतात. कुठे असतोस? काय करतोस? मुलं काय करतात?

मेडिकलच्या रियुनियनमध्ये तर उत्तरंही ठरलेली. स्वतःचं हॉस्पिटल आहे, किंवा अमेरिकेत आहे, मुलगी आता पीजी करतेय. टाळ्या, जेवण, सेल्फी.

आज हेच तीन प्रश्न आपण एका कॉलेजच्या अशा माजी विद्यार्थ्यांबद्दल विचारू, ज्यांना तुम्ही ओळखता, पण 'माजी विद्यार्थी' म्हणून नाही. पडद्यावरून ओळखता, पुस्तकांतून ओळखता. आणि या तिघांना जोडून चौथा प्रश्नही विचारू, जो रियुनियनमध्ये सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही हे सगळं करत होतात, तेव्हा घर कोण चालवत होतं?

ससूनच्या आवारातलं कॉलेज

पुणे स्टेशनला उतरून थोडं चाललात की ससून येतं. 1867 मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल. त्याला लागून बैरामजी जीजीभॉय मेडिकल कॉलेज, म्हणजे आपलं बी. जे. 1878 मध्ये ते मेडिकल स्कूल म्हणून सुरू झालं आणि 1946 मध्ये कॉलेज झालं. इथून हजारो डॉक्टर बाहेर पडले. बहुतेकांनी डॉक्टरकीच केली आणि चांगली केली, त्यांच्याबद्दल कोणी पान भरून लिहीत नाही. पण याच कॉलेजातून डॉ. श्रीराम लागू आले, डॉ. जब्बार पटेल आले, डॉ. मोहन आगाशे, डॉ. अनिल अवचट आले. युवक क्रांती दलाचे डॉ. कुमार सप्तर्षीही इथलेच. विद्यार्थी चळवळ, येरवड्याचा तुरुंग आणि 1978 मध्ये थेट विधानसभा, असा त्यांचा प्रवास. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर डॉक्टर नाहीत, पण नोकरी कुठे करत होते? बी. जे.च्या बायोकेमिस्ट्री विभागात.

एका मेडिकल कॉलेजच्या आवारात एवढी मंडळी! म्हणजे तिथल्या पाण्यात काही होतं का, असं तुम्ही विचाराल. पाण्यात नसावं. आजूबाजूला मात्र होतं. शहरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन म्हणजे पीडीए होती, भरत नाट्य मंदिर होतं, 1963 पासून पुरुषोत्तम करंडक होता. आज तुम्ही फिरोदिया किंवा पुरुषोत्तमसाठी लेक्चर बुडवून तालमी करता ना, तसंच. फरक एवढाच, की यांच्यातल्या काहींची तालीम पुढे कधी संपलीच नाही.

ज्यांनी दवाखाना सोडला

सगळ्यात आधी डॉ. लागू, कारण 'डिग्री सोडून पॅशन फॉलो केली' या वाक्याला लोक पहिलं उदाहरण त्यांचंच देतात.

आता नीट आकडे बघा. जन्म 1927 चा, साताऱ्याचा. बी. जे.मधून शिक्षण, मग कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात काही वर्षं प्रॅक्टिस, पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड, मग टांझानियातल्या टबोरा गावात डॉक्टरकी. नाटक कॉलेजपासून सुरूच होतं, भारतात असले की पीडीएत आणि मुंबईच्या 'रंगायन'मध्ये कामं चालू. पूर्णवेळ नट ते झाले 1969 मध्ये. 'इथे ओशाळला मृत्यू' हे त्यांचं त्या टप्प्यावरचं पहिलं नाटक. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं, आणि आप्पासाहेब बेलवलकर म्हटलं की आजही पहिला चेहरा त्यांचाच आठवतो.

म्हणजे दवाखाना सोडला तेव्हा त्यांचं वय किती? बेचाळिशीला टेकलेलं. आपल्या डोक्यातल्या गोष्टीत हिरो बावीस-तेविसाव्या वर्षी राजीनामा फेकतो आणि इंटरव्हलनंतर स्टार होतो. इथे मात्र शिक्षण पूर्ण झालंय, हाताला कसब आहे, परदेशात काम करून झालंय, आणि जोडीला पंधरा-सोळा वर्षांची हौशी रंगभूमी आहे. ही उडी होतीच, आणि मोठी होती. चाळिशीत चालता व्यवसाय सोडणं गंमत नाही. पण ती आंधळी उडी नव्हती.

घराबद्दल? पत्नी दीपा श्रीराम याही रंगभूमीवरच्या अभिनेत्री, त्यामुळे नाटक हे दोघांचं काम होतं. त्यांचा मुलगा तन्वीर धावत्या लोकलमध्ये असताना बाहेरून आलेल्या दगडाने गेला. त्याच्या नावाने या दोघांनी रूपवेध प्रतिष्ठानतर्फे 2004 पासून 'तन्वीर सन्मान' सुरू केला. दरवर्षी नाटकवाल्यांना दिला जाणारा हा सन्मान म्हणजे एका घरातल्या दुःखातून उभं राहिलेलं काम आहे, हे प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याला ठाऊक असायला हवं.

आणि डिग्रीचं काय झालं? डॉ. लागू 2019 मध्ये गेले. तोवर नाटकातली माणसं त्यांना काय हाक मारायची माहितीये? 'डॉक्टर'.

ज्यांनी सोडलंच नाही

डॉ. मोहन आगाशे यांची गोष्ट याच्या बरोबर उलटी. 16 डिसेंबर 1972 ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. नाटक विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं आणि नाना फडणवीस आगाशे. पुढे वाद झाला, पीडीएने प्रयोग थांबवले, तेव्हा या मुलांनी 1973 मध्ये थिएटर अॅकॅडमी काढली आणि 1980 मध्ये नाटक युरोपला नेलं.

हे सगळं करणारा माणूस दिवसा काय करत होता? मनोविकारशास्त्र शिकवत होता, ससूनमध्ये पेशंट बघत होता. 'जैत रे जैत'चा नाग्या आणि बी. जे.चे प्राध्यापक एकच. 1991 मध्ये महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. 1993 च्या लातूर भूकंपानंतर वाचलेल्या माणसांच्या मनावर काय परिणाम झाला, याच्या अभ्यासातही ते होते. मधल्या काळात जर्मनीतलं मुलांचं 'ग्रिप्स' नाटक त्यांनी 1986 मध्ये पुण्यात आणलं. 1997 पासून काही वर्षं एफटीआयआयचे संचालकही होते.

त्यांच्या बाबतीत चौथ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाटकाला जगवणारा पगार त्यांचा स्वतःचाच होता. प्रयोगाचं मानधन मिळालं नाही तरी महिना थांबत नव्हता. आणि पुढे गंमत बघा. 'अस्तु' हा सिनेमा स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचा, त्यात मुख्य भूमिका त्यांची. 'कासव' नैराश्याबद्दलचा, त्याचे ते एक निर्माते, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ओपीडीत एका वेळी एकाच माणसाशी बोलता येतं. तेच बोलणं त्यांनी थिएटरभर लोकांशी केलं. 'डिग्री वाया गेली' असं इथे कुठल्या तोंडाने म्हणणार?

दौंडचा दवाखाना

आता डॉ. जब्बार पटेल. पंढरपूरचा जन्म, सोलापूरची शाळा, बी. जे.चं शिक्षण आणि मग बालरोगतज्ज्ञ. दवाखाना कुठे थाटला? दौंडला, पत्नी डॉ. मणी यांच्यासोबत. पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. नाटकाचं आणि सिनेमाचं जग पुण्या-मुंबईत आणि पेशंट दौंडात.

यादी तुम्हाला पाठ असेल. 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा', पुढे 2000 मध्ये 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. त्यातला 'सामना' तर एका परीने बी. जे.चं गेट-टुगेदरच आहे. दिग्दर्शक जब्बार पटेल, मास्तरांच्या भूमिकेत श्रीराम लागू आणि ज्याच्या नावाभोवती अख्खा सिनेमा फिरतो तो मारुती कांबळे म्हणजे मोहन आगाशे. तीन डॉक्टर, एक सिनेमा, आणि 1975 मध्ये थेट बर्लिन महोत्सवाची स्पर्धा.

पण दवाखाना म्हणजे दुकानाचं शटर नव्हे, की शूटिंग आहे म्हणून आठवडाभर खाली ओढलं. ताप आलेलं पोर शेड्यूल बघून येत नाही. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील आणि त्यातला एक सेटवर असेल, तर दवाखान्यात कोण असेल हे सांगायला पत्रकाराची गरज नाही. तरी विकिपीडियाच्या पानावर पुरस्कारांची यादी लांबलचक आणि डॉ. मणी यांच्या वाट्याला एखादी ओळ.

त्यात 'उंबरठा' आठवा. 1982 चा सिनेमा. स्मिता पाटीलची सुलभा कामासाठी घराबाहेर पडते आणि त्याची किंमत मोजते. बाई कामाला बाहेर पडली की घर तिला हिशोब मागतं, हे सांगणारा मराठीतला सगळ्यात ठसठशीत सिनेमा. तो पाहिल्यावर तुमच्या मनात एक साधा प्रश्न यायला हवा. पुरुष कामासाठी बाहेर पडला, तर त्याच्याकडे हिशोब कोण मागतं?

जिथे हिशोब उघड होता

एका घरात हा हिशोब उघडपणे मांडला गेला. म्हणून मला या सगळ्या यादीत ते घर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ओतूरचा अनिल अवचट आणि सुनंदा सोहोनी यांची ओळख बी. जे.मधलीच. दोघंही डॉक्टर झाले, लग्न झालं. अवचट बिहारच्या दुष्काळात पूर्णिया जिल्ह्यात गेले होते, त्यातून 1969 मध्ये 'पूर्णिया' हे पुस्तक आलं. पुढे हमाल, विडी कामगार, भटके, देवदासी अशा माणसांमध्ये जाऊन ते लिहीत राहिले. या लिहिण्यात पैसे किती मिळणार? तेव्हाही फार नाही आणि आजही नाही, हे मास कॉमची डिग्री घेऊन बसलेली मी तुम्हाला खात्रीने सांगू शकते.

मग घर कशावर चाललं? सुनंदाताईंच्या पगारावर. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या. आणि अवचट घरी होते. मुक्ता आणि यशोदा या दोन मुलींना वाढवणं, घरकाम, स्वयंपाक हे त्यांनी केलं. मुलींना महापालिकेच्या शाळेत घातलं. यातलं काहीच त्यांनी लपवलं नाही. 'स्वतःविषयी'मध्ये आणि इतरत्र त्यांनी घराबद्दल, मुलींबद्दल, बायकोच्या कमाईवर जगण्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं. 1970-80 च्या पुण्यात डॉक्टर झालेला नवरा घरी आणि बायको नोकरीला! आज 2020 नंतरही तुमच्या सोसायटीत असं एखादं घर असेल, तर लिफ्टमध्ये त्याची चर्चा होते की नाही, सांगा.

पण सुनंदाताई म्हणजे फक्त 'लेखकाला सांभाळणारी बायको' नव्हेत. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर अवचटांनी लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले. पैशांचा प्रश्न काहीसा सुटला. पण केंद्र चालवणार कोण? सुनंदाताई. 29 ऑगस्ट 1986 ला मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्यांना कॅन्सर झाला, तरी काम चालू राहिलं. 10 फेब्रुवारी 1997 ला त्या गेल्या. आज हे केंद्र येरवड्यातच उभं आहे, स्त्रियांसाठीही तिथे वेगळा विभाग आहे आणि त्याची धुरा मुक्ता पुणतांबेकर यांच्याकडे आहे. म्हणजे महापालिकेच्या शाळेत जाणारी तीच मुलगी. अवचट 2022 च्या जानेवारीत गेले.

'मुलं काय करतात?' या रियुनियनमधल्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

आता या घरातून डॉक्टरकी गेली का? एकाने प्रॅक्टिस केली नाही, पण त्याने लिहिलं म्हणून केंद्र उभं राहिलं. दुसरीने नोकरी केली म्हणून त्याला लिहिता आलं आणि तिच्याच शास्त्रावर ते केंद्र चाललं. दोन डिग्र्या आणि एक घर, असा तो एकत्र संसार होता.

आणि आपण?

'त्यांचं ठीक होतं, आमचं काय?' हा प्रश्न योग्यच आहे. तो काळ वेगळा होता. सरकारी कॉलेजात कमी फीमध्ये शिकता येत होतं, डोक्यावर एज्युकेशन लोनचा हप्ता नव्हता. आज एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, मग पीजीची तीन. अठराव्या वर्षी पहिल्याच फटक्यात नीट निघाली आणि पीजीलाही लगेच नंबर लागला, तरी सव्वीस-सत्तावीस वय होतं. मध्ये एखादा ड्रॉप, बॉण्डची सर्व्हिस, की तिशी दिसायला लागते. खासगी कॉलेजात शिकला असाल तर कर्जाचा डोंगर वेगळा. अशा माणसाला 'मनाचं ऐक' हा सल्ला देणं सोपं असतं, कारण हप्ता सल्ला देणाऱ्याला भरायचा नसतो.

मेडिकलच सोडा. इंजिनिअरिंग करून स्टँडअप करायचंय, बीकॉम करून शेती करायचीय, आर्किटेक्चर करून ट्रेकिंगची कंपनी काढायचीय. तुमच्या कट्ट्यावर असा एक तरी असतोच. त्याला आपण डॉ. लागूंचं नाव सांगतो आणि पाठीवर थाप मारतो. यापुढे थाप मारताना अख्खी गोष्ट सांगूया.

ती अशी. या चौघांतल्या कोणीही डिग्री अर्धवट टाकली नाही. कोणीही पहिल्या दिवशी सगळं सोडलं नाही. लागूंनी चाळिशीपर्यंत दोन्ही केलं. आगाशेंनी नोकरी ठेवून दोन्ही केलं. पटेलांच्या पाठीशी दोघांनी चालवलेला दवाखाना होता. अवचटांनी प्रॅक्टिस सोडली तेव्हा घरात एक पगार येत होता, आणि त्या पगाराच्या बदल्यात घर त्यांनी उचललं होतं. धाडस सगळ्यांनी केलं. पण प्रत्येक धाडसाखाली कोणीतरी जमीन धरून ठेवली होती.

आणि ती जमीन धरणारं माणूस बहुतेकदा कोण असतं, हे मुलींना वेगळं सांगायला नको. त्या बॅचेसमध्ये मुलीही होत्या. त्यांनीही त्याच परीक्षा दिल्या, त्याच वॉर्डांत रात्री जागल्या. पण 'आमच्या कॉलेजचे मान्यवर माजी विद्यार्थी' अशी यादी निघते तेव्हा त्यात पुरुषांचीच नावं जास्त असतात. ज्या दवाखाना उघडा ठेवून बसल्या, ज्यांनी महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणला, त्यांचं नाव नवऱ्याच्या परिच्छेदात कंसात येतं.

म्हणून जोडीदार निवडताना, किंवा तेवढं लांब नको, फ्लॅटमेट किंवा स्टार्टअपचा पार्टनर निवडतानासुद्धा, हे बोलून घ्या. पुढची पाच वर्षं तू उडी मार, मी नोकरी धरतो. त्यानंतर माझी पाळी. आणि ज्याची उडी चालू आहे त्याने भांडी घासायची. ऐकायला रोमँटिक वाटत नाही, मान्य आहे. पण येरवड्यातल्या त्या केंद्रात दाखल झालेल्या कितीतरी माणसांची घरं या असल्या व्यवहारी ठरावामुळेच वाचली.

येत्या डिसेंबरात तुमच्या घरातलं कोणी रियुनियनहून परत येईल. फोटो दाखवेल, कोण कुठे पोचलं ते सांगेल. सगळं ऐकून घ्या. मग हळूच विचारा, तुमच्या बॅचमधल्या मुली आता काय करतात? उत्तर यायला थोडा वेळ लागला तर लागू द्या.